अंगणातील उजेड

उज्जैनच्या एका वाचक भगिनीचे पत्र गेल्या महिन्यात आमच्याकडे आले. नवे घर बांधून झाले आहे, घरापुढे वीस फूट रुंद व तीस फूट लांब अशी बागेची जागा सुटली आहे, घरात वृद्ध सासू-सासरे आहेत. फाटकाच्या दोन खांबांवर दोन आणि बागेच्या चार कोपऱ्यांत चार असे दुधी काचेचे गोल दिवे बसवून शिवाय गच्चीवर एक मोठा झोतदिवा लावण्याचा विचार आहे. तरी कोणत्या बनावटीचे दिवे घ्यावेत ते कळवावे, अशी त्यांची पृच्छा आहे. सोबत त्यांनी बागेचा सुबक नकाशाही धाडला आहे. बनावटीची नावे सांगणे हे या सदराचे काम नव्हे. परंतु पत्र वाचताना आमच्याच अंगणात तीन वर्षांपूर्वी जे घडले ते डोळ्यांपुढे उभे राहिले, आणि दिवे घेण्यापूर्वी या भगिनीने ते ऐकावे असे वाटले.

भाद्रपदाचे दिवस होते. गणपतीसाठी पुण्याहून आलेले आमचे धाकटे चिरंजीव येताना ५० वॅटचा एलईडी झोतदिवा घेऊन आले. इंदूरच्या आमच्या जुन्या घरापुढची बाग संध्याकाळनंतर अगदीच अंधारात बुडते, गौरी-गणपतीला माणसांचे येणेजाणे असते, तेव्हा गच्चीच्या कठड्यावर दिवा बसवून सारी बाग एकदम उजळून टाकावी, असा त्यांचा बेत. वायरमन आला, तासाभरात दिवा लागला, आणि आल्यागेल्याने कौतुकही केले. फाटकापासून ओसरीपर्यंत दिवसासारखा पांढराशुभ्र उजेड! चोराचिलटाचे भय नको म्हणून तो रात्रभर जळू लागला. गणपती गेले, चिरंजीवही गेले; दिवा मात्र राहिला.

आमच्या मातोश्रींना घरात सारेजण माई म्हणतात. त्यांचे वय त्या वेळी अठ्ठ्याहत्तर. ओसरीवरून बागेत उतरायला चार दगडी पायऱ्या आहेत आणि त्या उतरल्या की उजव्या हाताला तुळशीवृंदावन. गेली पन्नास वर्षे माई पहाटेच्या अंधारात त्या पायऱ्या उतरत आल्या. हातात निरांजन, त्याच्या उजेडात पाऊल टाकायचे, एवढीच त्यांची दिव्याची व्यवस्था. कार्तिकात, नव्या दिव्याच्या लखलखाटात, त्या शेवटच्या पायरीवर चुकल्या आणि पडल्या. मनगटाचे हाड मोडले. सहा आठवडे हात प्लॅस्टरमध्ये राहिला. इतका उजेड असताना पडलात कशा, असे जो तो विचारी. माईंचे उत्तर एकच असे: ‘‘अरे, माझ्याच सावलीत पाय पडला.’’

त्या बोलण्याचा अर्थ समजण्यासाठी आम्हाला एका रात्री स्वतः पायऱ्या उतरून पाहावे लागले. पाठीमागून, वीस फूट उंचीवरून येणारा तीव्र झोत उतरणाऱ्याची सावली नेमकी पुढच्या पायरीवर टाकतो. भोवतालचे सारे लख्ख असल्यामुळे डोळ्याची बाहुली आकसलेली असते. त्यामुळे ती सावली साध्या अंधारापेक्षाही काळी भासते आणि पायरीची कड तीत नाहीशी होते. परत चढताना तोच झोत समोरून डोळ्यांत येतो. उतारवयात डोळ्याच्या भिंगात प्रकाश अधिक विखुरतो, मोतीबिंदूची सुरुवात असेल तर फारच. म्हणून तरुणाला जो दिवा केवळ प्रखर वाटतो तो वृद्धाला आंधळे करतो. उजेड किती आहे यापेक्षा तो कोठून येतो आणि कोठे पडतो, हा प्रश्न आधीचा आहे, हे आम्हाला माईंच्या मोडलेल्या मनगटाने शिकवले. ही शिकवणी फार महाग पडली.

दुसरी गोष्ट शेवंतीची. माईंच्या हातच्या शेवंतीच्या बारा कुंड्या आहेत. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास त्यांना कळ्या धरतात आणि मार्गशीर्षातील गुरुवारच्या पूजेला घरचीच फुले होतात. त्या वर्षी दहा कुंड्या नुसत्या पानांनी माजल्या. कळीचे नाव नाही. खत जास्त झाले असावे, माळ्याने शेंडे अवेळी खुडले असावेत, असे तर्क चालले. हाताला प्लॅस्टर घालून खुर्चीवर बसलेल्या माई त्या कुंड्यांकडे पाहत आणि काही बोलत नसत, ते आम्हाला अधिक लागे. गंमत अशी, की पाण्याच्या टाकीमागे ठेवलेल्या उरलेल्या दोन कुंड्या पिवळ्याधमक फुलल्या होत्या. माती तीच, खत तेच, पाणीही तेच.

येथील कृषी महाविद्यालयातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आमच्या शेजारी राहतात. (याच परिसरात १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड यांनी कंपोस्ट खताची ती पद्धत सिद्ध केली, जी आजही जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते, इंदूरकरांनाच तिचा विसर पडला आहे, हे जाता जाता.) त्यांनी कुंड्या पाहिल्या, टाकीकडे पाहिले, मान वर करून गच्चीकडे पाहिले आणि म्हणाले, ‘‘दिवा काढा.’’

शेवंती ही लहान दिवसाची वनस्पती आहे. म्हणजे शरदात दिवस आखडू लागले, रात्री लांबू लागल्या, की तिला फुलण्याची आज्ञा मिळते. गार्नर आणि अलार्ड या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९२० साली तंबाखू व सोयाबीन यांच्यावरील प्रयोगांतून दिवसमानाचा हा प्रभाव प्रथम नीट मांडला; पुढे असे आढळले की वनस्पती खरोखर मोजते ती दिवसाची लांबी नव्हे, सलग अंधाराची. मध्यरात्री थोडा वेळ जरी दिवा लावला तरी तिच्या हिशेबी एका लांब रात्रीच्या दोन आखूड रात्री होतात आणि कळी धरण्याचे काम राहून जाते. फुलांचा व्यापार करणारे शेतकरी हीच युक्ती जाणूनबुजून वापरतात: शेवंतीवर रात्री दिवे लावून बहर लांबवतात आणि भाव येईल तेव्हा दिवे बंद करतात. पौर्णिमेच्या चांदण्याचा उजेड फार तर पाव लक्सच्या आसपास असतो. आमच्या झोतदिव्याचा उजेड कुंड्यांवर त्याच्या निदान शंभरपट पडत असला पाहिजे. बिचाऱ्या शेवंतीने रात्र पाहिलीच नव्हती. आमच्या माळव्यात डिसेंबरच्या उत्तरार्धात रात्र सव्वातेरा तासांपर्यंत लांबते, त्यातला एकही तास तिच्या वाट्याला आला नव्हता.

येथे एक सावधगिरीची सूचना. पिवळसर, उबदार दिवा सौम्य असतो, तो झाडांना बाधत नाही, असे दुकानदार सांगतात. रात्र मोडण्याच्या बाबतीत वनस्पतीला सर्वांत जास्त कळतो तो तांबडा प्रकाश, आणि पिवळसर दिव्यात तोच अधिक असतो. तेव्हा शेवंतीला कोणताही दिवा चालत नाही. तिला अंधारच हवा. नाताळात लाल पानांनी नटणाऱ्या पॉइनसेटियाचेही तसेच.

पिवळसर दिव्याचा गुण निराळ्या बाबतीत आहे. प्रकाशाची छटा केल्विनमध्ये सांगतात. २,७०० ते ३,००० केल्विन म्हणजे जुन्या बल्बसारखा पिवळा, ६,५०० म्हणजे निळसर पांढरा. निळ्या व अतिनील प्रकाशाकडे कीटक अधिक ओढले जातात. पहिल्या पावसानंतर वाळवीला पंख फुटून तिचे थवे निघतात, तेव्हा पांढऱ्या दिव्याखाली सकाळी पंखांचा खच पडतो आणि भिंतीवर पाली बाळसे धरतात. कीटक दिव्याकडे का येतात याविषयी जानेवारी २०२४ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात एक सुरेख संशोधन प्रसिद्ध झाले. अतिवेगवान कॅमेऱ्यांनी टिपलेल्या चित्रांत असे दिसले की उडणारा कीटक आपली पाठ प्रकाशाकडे ठेवू पाहतो. मोकळ्या रात्री प्रकाश आकाशाचा, म्हणजे वरचा. त्यामुळे पाठ वर राहते आणि उड्डाण सरळ होते. जवळ दिवा आला की तो पाठ दिव्याकडे वळवतो, तोल कलतो, आणि तो घिरट्यांत अडकतो. शतकानुशतके कवींनी पतंगाला दीपाचा प्रियकर ठरवले. आता कळते की तो प्रियाराधन करीत नसून बिचारा रस्ता चुकलेला असतो! रातराणी आणि निशिगंध ज्यांच्यासाठी रात्री दरवळतात ते हेच पतंग. ते दिव्याभोवती घिरट्या घालीत दमले, तर फुलांकडे जायचे कोणी?

झोतदिवा उतरवल्यावर पंधरा दिवस आम्ही बागेत एकही दिवा लावला नाही. हे आम्ही आग्रहाने सांगतो: दिवे घेण्यापूर्वी काही रात्री आपले अंगण अंधारात पाहावे. रस्त्यावरच्या खांबाचा उजेड कोठवर येतो, पाय कोठे अडखळतो, कुलूप चाचपडावे लागते का, नळाशी चिखल दिसतो का, याची नोंद करावी. आमच्या नोंदीत पाचच जागा निघाल्या: पायऱ्या, वृंदावनापुढची फरशी, वाटेचे वळण, नळ आणि फाटकाची कडी. एवढ्या बागेत उजेडाची खरी गरज पाच ठिकाणी, आणि आम्ही उजळली होती सारी बाग. शिवाय शेजाऱ्यांची शयनगृहेही. त्या शेजारीणबाईंनी आमच्या दिव्यामुळे खिडकीला जाड चादर टांगली होती, हे आम्हाला दिवा काढल्यावर कळले. चार महिने त्या माउलीने तोंडातून शब्द काढला नव्हता. आम्ही पेढे घेऊन गेलो, तरी लाज गेली नाही.

पायऱ्यांसाठी आम्ही बाजूच्या कठड्याच्या भिंतीत, पायरीपासून फूटभर उंचीवर, खाली तोंड असलेले टोपीवाले छोटे दिवे बसवले. एका दिव्याचा प्रकाश अवघा ६० ते ८० ल्युमेन. जुन्या ६० वॅटच्या बल्बचा प्रकाश ७०० च्या आसपास असे, यावरून तो किती मंद ते ध्यानात येईल. परंतु तो आडवा पडतो, प्रत्येक पायरीची कड स्पष्ट दाखवतो, आणि दिवा स्वतः डोळ्यांना दिसतच नाही. हे तत्त्व नवे नाही. वृंदावनाच्या कोनाड्यात किंवा भिंतीतल्या देवळीत पणती ठेवणाऱ्यांना ते ठाऊक होते: ज्योत आड, उजेड पुढे. देवळापुढची दीपमाळ पाहावी, अथवा गोव्यातील मंगेशीचा तो सात मजली दीपस्तंभ. शेकडो ज्योती, पण एकही डोळ्यांना खुपत नाही. वाटेच्या वळणावर दोन बुटके खांब समोरासमोर न लावता आळीपाळीने लावले, नळावर एक, फाटकावर एक. फाटकाच्या दिव्याला माणसाची चाहूल लागताच लागणारे संवेदक आहे; बाकीचे घड्याळी स्विचवर रात्री दहाला मालवतात आणि पहाटे पाचला पुन्हा तासभर लागतात. पहाटेचा तो तास माईंचा. शेवंतीच्या कुंड्या घराच्या मागल्या अंगणात गेल्या, जेथे एकही दिवा नाही.

आता विजेविषयी, आणि येथे आम्ही थोडे कठोर बोलणार आहोत. बागेतील वीज ही घरातील विजेसारखी नव्हे. तेथे माती ओली, पाय अनवाणी, हातात पाण्याची नळी. आमच्या पहिल्या वायरमनने घरातलीच साधी वायर फूटभर खड्ड्यात पुरली होती आणि जोड काळ्या टेपने गुंडाळून मातीतच सोडला होता. नवे दिवे लावताना ते खोदून काढले, तेव्हा जोडातील तांबे हिरवे पडलेले होते. त्या ओल्या मातीत माई अनवाणी उभ्या राहून तुळशीला पाणी घालीत होत्या, या विचाराने आजही अंगावर शहारा येतो. घरात एमसीबी बसवला आहे, मग भय कसले, असे पुष्कळांना वाटते. एमसीबी वायरीचे रक्षण करतो, माणसाचे नाही. माणसाला मारायला पुरेसा होणारा प्रवाह त्याच्या खिजगणतीतही नसतो. त्यासाठी ३० मिलिॲम्पिअर गळतीला तुटणारी आरसीसीबी हवीच हवी. तिच्यावर चाचणीचे बटण असते. ते महिन्यातून एकदा दाबून ती पडते की नाही ते पाहावे. आमच्याकडे संकष्टीला दाबतात, म्हणजे विसर पडत नाही. आणि अर्थिंग चांगले आहे की नाही हे जाणत्या माणसाकडून उन्हाळ्यात, माती कोरडी असताना, तपासून घ्यावे.

२३० व्होल्टची वायर जमिनीतून न्यावयाचीच असेल तर ती चिलखती केबल असावी, अडीच फूट खोल असावी, वर वाळू आणि विटांचा थर असावा, म्हणजे उद्या कुदळ मारणाऱ्याला आधी वीट लागेल. जोड मातीत नको. जमिनीच्या वर, बंद पेटीत हवा. आमच्या माळव्याच्या काळ्या मातीचा आणखी एक गुण लक्षात ठेवावा. ती पावसात फुगते आणि वैशाखात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ताठ ओढून पुरलेली वायर त्यात ताणली जाते आणि उथळ पायाचे खांब कलतात. वायरीला थोडी ढील द्यावी, खांबाचा पाया खोल घ्यावा.

याहून बरा उपाय म्हणजे बागेसाठी कमी दाबाची वीज. घरातच, कोरड्या जागी, चांगल्या प्रतीचा ट्रान्सफॉर्मर बसवून पुढे १२ किंवा २४ व्होल्ट न्यावेत. त्यात जिवाचा धोका जवळजवळ राहत नाही. परंतु त्याचे गणित करावे लागते, आणि दुकानात ते कोणी करून देत नाही. समजा, पाच-पाच वॅटचे सहा दिवे वीस मीटर अंतरावर आहेत, आणि तांब्याची दीड चौरस मिलिमीटर वायर आहे. १२ व्होल्टवर अडीच ॲम्पिअर प्रवाह वाहील आणि वाटेतच सुमारे १.२ व्होल्ट खर्ची पडतील, म्हणजे दहावा हिस्सा. टोकाचे दिवे मलूल होतील. तेच २४ व्होल्टवर केल्यास प्रवाह निम्मा, आणि तूट अवघी अडीच टक्के. अंतर मोठे असेल तर २४ व्होल्ट घ्यावेत किंवा वायर जाड घ्यावी. दिव्यावर ‘आयपी’ अशी अक्षरे व पुढे दोन आकडे असतात. पहिला धुळीचा, दुसरा पाण्याचा. छपराखाली ४४ चालेल, उघड्यावर ६५, आणि पावसाळ्यात जेथे पाणी साचते अशा जमिनीलगतच्या दिव्याला ६७ हवा, जो मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी टिकावा अशी अपेक्षा असते. आकडाच छापलेला नसेल तर तो दिवा बागेसाठी नाही.

सौरदिव्यांचे म्हणाल, तर भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना ते सोयीचे; वायर नाही, खोदकाम नाही, धक्क्याचे भय नाही. मात्र आंब्याच्या सावलीत खोवलेल्या सौरदिव्याकडून रात्री उजेडाची अपेक्षा करू नये. श्रावणात ते तासा-दोन तासांत डोळे मिटतात आणि दोन-तीन वर्षांत त्यांची बॅटरी थकते.

दिवाळीच्या विजेच्या माळांबद्दल एकच सांगतो. बागेतील ओल्या गवतावरून लांब वायरीचा पट्टा ओढून त्या लावू नयेत, मग मुले कितीही हट्ट करोत. ओसरीच्या आत लावाव्यात.

बनारसची सकाळ, अवधची सायंकाळ आणि माळव्याची रात्र, अशी आपल्याकडे जुनी ख्याती आहे. ‘शब-ए-मालवा’ म्हणतात ती. पठारावरची वाऱ्याची झुळूक, कडक उन्हाळ्यातही निवणारी हवा, यामुळे ती ख्याती झाली. झोतदिवा असताना ओसरीवर बसून आम्हाला ती रात्र दिसत नव्हती. आता दहाला दिवे मालवले की थोड्या वेळाने प्राजक्ताची आकृती अंधारातून हळूहळू वेगळी होते आणि रातराणी कोठे आहे ते वासावरून कळते. चिरंजीव गेल्या गणपतीत आले तेव्हा प्रथम म्हणाले, ‘‘फारच अंधार केलात हो.’’ मग तेही ओसरीवर साडेअकरापर्यंत बसले. वृंदावनाच्या कोनाड्यात छोटा विजेचा दिवा बसवून देतो, अशी त्यांनी माईंपाशी गोष्ट काढली, ती माईंनी तेथल्या तेथे मोडून काढली. तेथे तेलाचीच पणती आहे. शेवंती मार्गशीर्षाच्या दुसऱ्या गुरुवारी आली.

आता भगिनीच्या नकाशाकडे वळतो. दुधी काचेचे गोल दिवे दिसायला शोभिवंत खरे, पण त्यांचा बराच उजेड आकाशात आणि उरलेला पाहणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. जमिनीच्या वाट्याला थोडका येतो. कोपऱ्यांतील चारही गाळावेत. फाटकाच्या खांबांवर शोभेसाठी ठेवायचेच असतील तर आत फार मंद, दोन-तीन वॅटचे दिवे घालावेत. गच्चीवरचा झोतदिवा तर नकोच. बसवलाच तर त्याचा स्विच वेगळा ठेवावा आणि तो फक्त कार्याच्या दिवशी लावावा. त्या पैशांत आरसीसीबी व पायऱ्यांचे दिवे होतील. हिरवळ लावण्यापूर्वी केबलचे खोदकाम उरकावे, नाहीतर लावलेली हिरवळ पुन्हा उचकटावी लागते. नकाशात ओसरीच्या तीन पायऱ्या आहेत, पण सासूबाईंचे वृंदावन कोठे येणार ते दाखवलेले नाही, आणि नळाशीही दिवा नाही. या दोन्ही खुणा करून नकाशा पुन्हा पाठवावा. दिव्यांच्या जागा आम्ही त्यावर पेन्सिलीने मांडून देऊ.